‘बोलीत नको, भाषेत लिहा’

१९३१ सालची गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसकडून झोरा नील हर्स्टन या काळ्या अमेरिकन लेखिकेला निरोप आला की तुमचं ते पुस्तक आम्हाला हवंय, पण बोलीत नको, भाषेत लिहून द्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागे जाऊन परत एकदा वाचलं. बोलीत नको, भाषेत. म्हणजे ज्या म्हाताऱ्याची हकीगत त्या पुस्तकात होती तो जे बोलला ती भाषाच नव्हती, भाषा म्हणजे प्रकाशकाच्या ऑफिसात टाइपरायटरवर चालते तेवढीच. झोराने नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तिच्या नावावर एकही छापील पुस्तक नव्हतं, मंदी जोरात होती, हातात पैसा नव्हता आणि तरी ती नाही म्हणाली, आणि ते हस्तलिखित जे पडून राहिलं ते थेट २०१८ साली ‘बॅराकून’ या नावाने छापून आलं. ८७ वर्षांनी. झोरा जाऊनच तोवर ५८ वर्षं झाली होती.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे हा प्रश्न तिकडचा आणि जुना म्हणून सोडून देता येत नाही. माणूस जसा बोलतो तसा तो कागदावर यावा का, आणि ‘नको’ म्हणायचा हक्क नक्की कोणाचा? माझं मत सरळ आहे. जो माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगतोय त्याचं बोलणं दुरुस्त करायचा हक्क प्रकाशकाला नाही, पैसे देणाऱ्याला नाही, आणि त्याच्याच समाजातल्या शिकलेल्या मंडळींनाही नाही. झोराच्या वाटेत हे तिघंही वेगवेगळ्या तऱ्हेने आडवे आले. तिघांची कारणं वेगवेगळी होती, त्यातलं एक कारण तर चांगलंच वजनदार होतं, त्यावर मी पुढे येतेच.

आधी त्या म्हाताऱ्याबद्दल. त्याचं नाव कोसोला, कागदोपत्री कुजो लुईस. १८६० साली क्लोटिल्डा नावाच्या जहाजातून पश्चिम आफ्रिकेतली ११० माणसं चोरून अलाबामातल्या मोबीलजवळ उतरवली, चोरून यासाठी की बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासूनच बंदी होती. पुरावा राहू नये म्हणून नंतर जहाज जाळून टाकलं. कोसोला तेव्हा १९ वर्षांचा असेल. साडेपाच वर्षं गुलामीत काढली, मग यादवी युद्ध संपलं, सुटका झाली, आणि सुटलेल्या या माणसांना परत घरी जायचं होतं पण जहाजाच्या भाड्याएवढे पैसे काही साठेनात, म्हणून त्यांनी तिथेच जमीन विकत घेऊन गाव वसवलं आणि गावाचं नाव ठेवलं आफ्रिकाटाउन. झोरा त्याच्याकडे गेली तेव्हा तो ८६ च्या आसपास होता. बायको गेलेली, सहा मुलं झाली ती सहाही त्याच्या आधी गेलेली. क्लोटिल्डावरून आलेल्यांपैकी जी थोडी माणसं तेव्हा जिवंत होती त्यातला तो एक.

१९२७ साली ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला काही जमलं नाही, आणि त्या भेटीवर तिने जो लेख छापला त्यातला बराचसा मजकूर दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. ती चूकच होती आणि तिच्या चाहत्यांनी ती चूक म्हणूनच सांगायला हवी. पण ती परत गेली, आणि या वेळी काही महिने राहिली. टोपलीभर पीच घेऊन जायची, कधी हॅम, कधी कलिंगड, डासांसाठी पावडर. कधी तो बोलायचा, कधी म्हणायचा आज बागेत काम आहे, आज नाही, मग ती तशीच परत जायची किंवा त्याच्याबरोबर चर्च झाडून घ्यायची. पहिल्यांदा तिने त्याला कोसोला म्हणून हाक मारली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, समुद्रापलीकडचं माझं नाव घेऊन मला कोणीच बोलवत नाही, तूच बोलावलंस, असं काहीतरी तो म्हणाला. तिने फोटो काढायचा म्हटल्यावर आत जाऊन ठेवणीतला सूट घालून आला पण बूट मात्र काढून आला. मी आफ्रिकेत असल्यासारखा दिसायला पाहिजे, कारण मला तिथेच असायचंय, म्हणाला. आणि फोटोसाठी उभा कुठे राहिला तर बायकोच्या आणि मुलांच्या कबरींमध्ये.

आता हा माणूस जे इंग्रजी बोलायचा ते १९ व्या वर्षानंतर, गुलामीत, मारून मुटकून कानावर पडलेलं इंग्रजी होतं. त्याच्या प्रत्येक मोडक्या वाक्यात तो इथे कसा आला याची हकीगत बसलेली आहे. ते इंग्रजी सरळ केलं की माहिती शिल्लक राहते, साल, जहाज, गाव, सगळं राहतं, आणि माणूस जातो. त्याचे बूट परत त्याच्या पायात घातल्यासारखं आहे ते. एवढ्यासाठी झोरा अडून बसली, आणि मला वाटतं तिच्या सगळ्या लेखनात या नकारापेक्षा मोठं काही नाही.

(ती वाक्यं मी वर मराठीत सांगितली तेव्हा माझीही अडचण झालीच. सरळ प्रमाण मराठीत लिहावं तर व्हायकिंगची मागणी मीच पुरी करतेय, आणि आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याची बोली त्याच्या तोंडी घालावी तर तो अलाबामातून उठून एकदम परभणीचा होऊन बसतो. म्हणून मी अवतरणचिन्हं टाकली नाहीत, नुसता आशय सांगितला. कोणी पुढे पूर्ण अनुवाद करणार असेल तर हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.)

झोराला बोलीचं हे एवढं का होतं हे तिच्या गावावरून कळतं. जन्म १८९१ चा, अलाबामातल्या नोटासल्गाचा, पण वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. १८८७ साली काळ्या लोकांनी स्वतःचं म्हणून रीतसर स्थापन केलेलं हे गाव. मेयर काळा, पोस्टमास्तर काळा, दुकानदार काळा. वडील सुतार आणि चर्चमधले उपदेशक, पुढे गावाचे मेयरही झाले. आई पोरांना सांगायची की सूर्यावर उडी मारा, सूर्य नाही मिळाला तरी पाय तरी जमिनीवरून सुटतील. गावातल्या दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं बसायची आणि गप्पा, थापा, भांडणं, देवाच्या आणि सैतानाच्या गोष्टी, सगळं चालायचं आणि ही पोर दुकानात काही आणायला पाठवली की मुद्दाम रेंगाळायची. तिच्या लेखी भाषा म्हणजे तो ओटा. तिथे बोलणाऱ्याला कोणी गोरा ऐकतोय म्हणून सांभाळून बोलायची गरज नव्हती.

आई गेली १९०४ साली आणि मग सगळी परवड. मिळेल ती कामं. १९१७ साली बाल्टिमोरमध्ये २६ वर्षांच्या या बाईने स्वतःचं वय १० वर्षांनी कमी सांगितलं, कारण फुकट शाळेत त्याशिवाय घेत नव्हते. मग हॉवर्ड युनिव्हर्सिटी, मग १९२५ च्या जानेवारीत खिशात दीड डॉलर घेऊन न्यूयॉर्क, तिथे हार्लेममध्ये तेव्हा काळ्या लेखक-कलावंतांची मोठी चळवळ उभी राहत होती, तिथे कथेला बक्षीस, आणि मग बर्नार्ड कॉलेज, जिथे ती एकटी काळी विद्यार्थिनी. शेजारीच कोलंबियात फ्रान्झ बोआस होते, मानववंशशास्त्रातले त्या काळचे सगळ्यात मोठे माणूस. कवटीच्या मापावरून वंशाची अक्कल ठरवणाऱ्यांना खोटं पाडण्यासाठी त्यांना हार्लेममधली मापं हवी होती, तर ही बाई रस्त्यात कोपऱ्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी मोजायची, आणि लोक मोजू द्यायचे.

बोआसने तिला १९२७ साली लोककथा गोळा करायला फ्लोरिडात पाठवलं आणि तिथे ती सपशेल आपटली. तिने नंतर आत्मचरित्रात लिहिलंय की मी बर्नार्डच्या कमावलेल्या उच्चारात लोकांना विचारत फिरले, माफ करा, आपल्याला काही लोककथा किंवा लोकगीतं ठाऊक आहेत का? लोक म्हणायचे, हो का, अशा गोष्टी कुठेतरी असतात असं ऐकलंय खरं, पुढच्या गावात बघा. तिच्याच गावची माणसं! ज्यांच्या ओट्यावर ती वाढली ती. पुढच्या खेपेला लॉफमन या गावातल्या लाकूड कारखान्याच्या वस्तीत गेली तेव्हा तिच्या अंगावर १२ डॉलर ७४ सेंटचा ड्रेस, बाकी बायकांचे पोस्टाने मागवलेले १ डॉलर ९८ सेंटवाले, वर स्वतःची मोटार, त्यामुळे लोकांना वाटलं ही सरकारची माणूस. मग तिने थाप मारली की मी चोरून दारू विकते आणि पोलिस मागे लागलेत म्हणून इथे लपलेय. लगेच माणसात घेतलं.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हाच आहे. प्रमाणभाषेत विचारलं तर माणूस उत्तर देत नाही, दिलं तरी ते प्रमाणभाषेतलंच देतो, पाहुण्यापुढे ठेवलेल्या कपबशीसारखं. ज्याला खरं ऐकायचंय त्याला आधी स्वतःचं बोलणं सोडावं लागतं. आपल्याकडे कुठल्याही सर्व्हेला गेलेल्या, कुठल्याही सरकारी योजनेचा फॉर्म भरून घ्यायला बसलेल्या माणसाला हे ठाऊक आहे.

आता पैसे देणाऱ्या बाई. शार्लट ऑस्गुड मेसन, न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत वृद्ध गोऱ्या बाई, त्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये झोराशी करार केला, महिन्याला २०० डॉलर, मोटार, कॅमेरा, आणि बदल्यात तू जे जे गोळा करशील ते सगळं माझ्या मालकीचं. माझ्या परवानगीशिवाय कुठे छापायचं नाही, दाखवायचं नाही. स्वतःला गॉडमदर म्हणवून घ्यायच्या. यावर मी फार थांबत नाही कारण यात वाद घालण्यासारखं काही नाहीच, लोकांच्या तोंडच्या गोष्टी, लोकांची गाणी, आणि मालकी तिसऱ्याच बाईची. झोरा हे सगळं चालवून घेत होती, गोड गोड पत्रं लिहीत होती, त्याबद्दल तिला नावं ठेवणारे आहेत. मी ठेवणार नाही. त्या मदतीशिवाय कोसोलाच्या अंगणात काही महिने बसता आलं नसतं.

तिसरी बाजू मात्र अवघड आहे, कारण तिथे समोर शत्रू नाही, आपलेच आहेत.

१९३६ च्या शेवटी झोरा गुगेनहाइम फेलोशिपवर हैतीत होती, तिथे तिने सात आठवड्यांत एक कादंबरी लिहून काढली, १९३७ साली ती आली, ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’. जेनी नावाची बाई, तिची तीन लग्नं, तिसऱ्या नवऱ्यावरचं तिचं प्रेम, आणि बाईला स्वतःचा आवाज सापडणं. निवेदन प्रमाण इंग्रजीत आणि माणसं बोलतात ती सगळी ईटनव्हिलच्या बोलीत. त्यावर रिचर्ड राइटने न्यू मासेस या डाव्या मासिकात लिहिलं की या कादंबरीला विषय नाही, संदेश नाही, विचार नाही, आणि ही बाई काळ्या माणसाला तसंच उभं करते जसं बघून गोऱ्यांना हसू येतं. राइट मिसिसिपीचा, तिच्यापेक्षा १७ वर्षांनी लहान, पुढे १९४० साली ‘नेटिव्ह सन’ने देश हलवून सोडणारा लेखक.

राइटच्या म्हणण्यातलं दुसरं वाक्य हेच ते वजनदार कारण. अमेरिकेत मिन्स्ट्रल शो नावाचा प्रकार शंभर वर्षं चालला होता, गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची बोली वाकडीतिकडी बोलायचे आणि थिएटर हसायचं. त्यामुळे काळी बोली छापली की हशा, हे समीकरण पक्कं झालेलं. राइटची भीती उगाच नव्हती. आपण आपल्या टीव्हीवर बघतो ना, मालिकेत मालक-मालकीण पुस्तकी मराठी बोलतात आणि भांडीवाल्या मावशी, वॉचमन, गावाकडचा मामा आले की बोली सुरू होते आणि मागून हसण्याचं म्युझिक वाजतं. मग मालवणी किंवा वऱ्हाडी घरातली मुलगी कॉलेजात गेली की पहिलं काम काय करते तर घरचं बोलणं दाबून टाकते. तिला दोष कसा द्यायचा? हा आक्षेप खरा आहे आणि ‘आम्हाला बोलीचा अभिमान आहे’ एवढं म्हणून तो जात नाही.

पण मला वाटतं राइटने दुखणं बरोबर ओळखलं आणि औषध चुकीचं सांगितलं. हसू येतं ते बोलीमुळे नाही, बोली बोलणाऱ्याला लेखक फक्त हसायचंच काम देतो म्हणून. झोराने त्याच बोलीला दुसरी कामं दिली. जेनीची आजी गुलामीत जन्मलेली, ती नातीला बसवून सांगते की गोरा माणूस ओझं खाली टाकतो, काळ्या पुरुषाला उचलायला लावतो, तो उचलतो पण वाहत नाही, आपल्या बायकांच्या डोक्यावर देतो, या जगाचं खेचर म्हणजे काळी बाई. सत्ता कोणाकडून कोणाकडे कशी सरकते यावर पुढे विद्यापीठांत खंडच्या खंड लिहिले गेले, ते एका अडाणी म्हातारीने नातीला समजावताना सांगून टाकलंय, आणि तिच्याच शब्दांत. याला विचार नाही म्हणायचं तर मग विचार कशाला म्हणायचं?

आणि निषेध नाही म्हणता? त्या कादंबरीत एक वादळ आहे. ते खरं घडलेलं आहे, सप्टेंबर १९२८, फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्याचा बांध फुटला आणि अडीच हजारांच्या वर माणसं गेली, त्यातले बहुतेक शेतात राबणारे काळे मजूर. प्रेतं पुरायची वेळ आली तेव्हा लाकडी पेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या आणि काळ्यांना मोठे खड्डे खणून एकत्र टाकलं, वेस्ट पाम बीचमधल्या अशा एकाच खड्ड्यात ६७४ जण आहेत. झोराच्या कादंबरीत जेनीचा नवरा टी केक याला बंदुकीच्या धाकाने त्या कामाला जुंपतात. पाण्यात पडून प्रेतं अशी झालीत की गोरं कोण काळं कोण ते कळत नाही, तर पहारेकरी सांगतो की केस बघून ठरवा. आणि टी केक काय म्हणतो तर, यांना वाटतंय देवाला रंगभेदाचा कायदा माहीतच नाही. एका ओळीत म्हणतो आणि परत फावडं हातात घेतो. भाषण नाही, घोषणा नाही. राइटला ते दिसलं नाही कारण तो निषेध भाषणाच्या आवाजात शोधत होता. मी राइटला मानते, मनापासून मानते, पण इथे तो चुकला आणि त्या चुकीची किंमत झोराने भरली.

आणि खुद्द राइटची तरी सुटका झाली का? नाही. ‘नेटिव्ह सन’ छापायच्या आधी बुक ऑफ द मंथ क्लब या सभासदांना पुस्तकं पाठवणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून त्याला काही भाग बदलावे लागले, १९४५ च्या आत्मचरित्राचा दुसरा अर्धा भागच काढून टाकावा लागला, आणि दोन्ही पुस्तकं मूळ रूपात अखंड छापून यायला १९९१ उजाडलं, तोवर राइट जाऊन ३१ वर्षं झाली होती. म्हणजे बोलीत लिहिणारीला सांगितलं बोली काढ, निषेध लिहिणाऱ्याला सांगितलं धार काढ. हे दोघं एकमेकांशी भांडत बसले आणि कात्री तिसऱ्याच्याच हातात राहिली याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याशी याचा संबंध आहे आणि तो ओढूनताणून नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. त्या काळात अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य इकडे चर्चेत होतं, पण झोराची पुस्तकं तेव्हा तिच्याच देशात धड मिळत नव्हती, तिच्या कबरीवर साधा दगड नव्हता. मराठीत मात्र तिला न वाचताच जे व्हायचं ते झालं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं, मग लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, ही माणसं आपापलं बोलणं घेऊन आली आणि वाचकांना ते समजून घ्यावं लागलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ वाचकाने शेजारच्याला विचारला. म्हणजे ‘वाचकाला कळणार नाही’ हे कारण मराठीत तरी निकालात निघालेलं आहे. तरी ते अजून दिलं जातं.

मला दिलं गेलं. माझी आजी बार्शीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती रोजगार हमीच्या खडीवर होती, तीन लेकरं, एक पाठुंगळीला. तिच्याकडून ऐकलेलं मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, मिलोच्या लाल भाकरी, सुकडीची रांग, सगळं, आणि त्यातून एक टिपण लिहून दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला पाठवलं. त्यात आजीचं वाक्य होतं: ‘खडी बी फुटायची आन हाताचं फोड बी फुटायचं, सांजच्याला मुकादम दोन्हींची मापं घेतल्यावानी बगायचा.’ प्रूफ आलं त्यात छापलेलं होतं: ‘खडी फोडताना हातांना फोड यायचे. संध्याकाळी मुकादम मोजमाप घेत असे.’ मी फोन केला. संपादक चांगला माणूस, आवाज चढवला नाही, म्हणाला ताई, अर्थ तोच आहे, फक्त भाषा जरा नीट केली.

अर्थ तोच नाहीये. मुकादमाने खडीचं माप घेतलं ही माहिती आहे. तो तिच्या हाताकडे त्याच नजरेने बघत होता हे आजीचं म्हणणं आहे, आणि ते ‘घेतल्यावानी बगायचा’ यातच आहे, ते गेलं की आजी त्या पानावरून उठून गेली आणि तिच्या जागी दुष्काळाचा अहवाल येऊन बसला. मी टिपण मागे घेतलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, आसंल, त्यांच्याकडं आसंच लिव्हीत आसतील. हे तिचं समजून घेणं मला जास्त लागलं.

बोली छापायची म्हणजे काहीही कसंही छापायचं असं मी म्हणत नाहीये. संपादन लागतंच. झोरासुद्धा ऐकलेलं जसंच्या तसं टाकत नव्हती, निवडत होती, जुळवत होती, लय बघत होती. पण ते काम त्या भाषेच्या आत राहून करायचं असतं. बार्शीकडचं वाक्य तपासायचंय तर बार्शीकडच्या माणसाला विचारा की असं म्हणतात का, पुण्याच्या शुद्धलेखनाच्या पुस्तकाला विचारू नका.

झोराच्या सगळ्याच मतांच्या मागे मी उभी नाही. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधला रंगभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५५ साली झोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून त्या निकालावर टीका केली, गोऱ्या पोरांच्या शेजारी बसल्याशिवाय आमच्या पोरांना प्रतिष्ठा नाही असं मानणं हाच आमचा अपमान आहे, असा तिचा रोख. ईटनव्हिलमध्ये वाढलेल्या बाईला असं का वाटलं असेल हे मला कळतं. पण ज्या पोरांच्या वाट्याला गळकी शाळा आणि फाटकी पुस्तकं येत होती त्यांच्यासाठी ते पत्र अन्यायाचंच होतं, तिथे ती चुकली. गंमत नाही, दुःख हे की तिला बाजूला टाकायला लोकांना हे कारण आयतं मिळालं, आणि त्याआधी १९४८ साली तिच्यावर मुलाशी गैरवर्तनाचा खोटा आरोप झाला होता, ज्या काळातला आरोप त्या काळात ती होंडुरासमध्ये होती, खटला पुढच्या वर्षी निकालात निघाला पण तोवर एका काळ्यांच्याच वर्तमानपत्राने तो छापून तिची अब्रू काढली होती. १९५० साली मायामीजवळ एका घरात ती मोलकरीण म्हणून काम करत होती, आणि त्याच सुमारास तिची कथा सॅटर्डे इव्हिनिंग पोस्टमध्ये छापून आली होती. कोणत्याही एका पुस्तकावर तिला मिळालेली सगळ्यात मोठी रॉयल्टी ९४३ डॉलर ७५ सेंट.

१९४५ साली तिने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक पत्र लिहिलं होतं. काळ्यांचे ते सगळ्यात मोठे विचारवंत. (पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांना बाबासाहेबांचंही पत्र गेलं, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे आणि तुमच्या लोकांनी युनोला दिलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारणारं. एकाच माणसाच्या टपालात वर्षभराच्या अंतराने ही दोन पत्रं.) झोराचं म्हणणं असं की फ्लोरिडात शंभर एकर जमीन घेऊन आपल्या नामवंत माणसांसाठी एक स्मशानभूमी करू या, मरताना माणूस कितीही कफल्लक असो, आपल्यातला कोणी मोठा माणूस विस्मरणात पडून राहता कामा नये. ड्यू बॉइसनी नम्रपणे नाही म्हणून कळवलं.

२८ जानेवारी १९६० ला फोर्ट पिअर्समधल्या सरकारी अनाथगृहासारख्या एका वेल्फेअर होममध्ये ती गेली. ओळखीच्यांनी, शेजाऱ्यांनी वर्गणी काढून पुरलं. दगड लावण्याएवढे पैसे उरले नाहीत. तिचं सामान आवरायला आलेल्या माणसाने कागद अंगणात पेटवले, वाटेने चाललेला पॅट्रिक ड्यूव्हल हा डेप्युटी शेरीफ, स्वतः काळा, झोराला ओळखणारा, त्याने गाडी थांबवून पाण्याने आग विझवली. कडा जळलेली ती पानं आज गेन्सव्हिलला फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत आहेत. १९७३ साली ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका फोर्ट पिअर्सला आली, मी झोराची भाची आहे असं खोटं सांगून तिने वाट विचारली, कमरेएवढ्या गवतात, सापांना घाबरत, झोरा झोरा अशा हाका मारत फिरली आणि एका खचलेल्या चौकोनात तिचा पाय गेला. तिथे तिने स्वतःच्या पैशाने दगड लावला. हवा होता तो काळाभोर दगड परवडला नाही म्हणून साधा करडा. त्यावर कोरलंय, दक्षिणेची प्रतिभावंत, आणि जन्मसाल १९०१. ते चुकीचं आहे, झोराने फुकट शाळेसाठी कमी केलेली वर्षं तिथेही तशीच राहिली. पाच वर्षांनी, १९७८ साली, इलिनॉय युनिव्हर्सिटी प्रेसने कादंबरी परत छापली, आणि आजवर तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्यात. सगळ्या त्याच बोलीत, एक अक्षर न बदलता.

आजीचं टिपण मी परत टाइप केलंय. ‘आन’ला ‘आन’, ‘बगायचा’ला ‘बगायचा’. तिला वाचून दाखवलं, एका ठिकाणी तिने थांबवलं आणि म्हणाली, मी ‘सांजच्याला’ न्हाई म्हनत, ‘सांच्याला’ म्हनते. ते दुरुस्त केलं आणि यंदा दुसऱ्या अंकाला पाठवलंय.